देऊळ रिघणे

जुन्या मराठीत ‘रिघणे’ म्हणजे आत शिरणे. आज त्या क्रियापदाचं ‘रीघ’ एवढंच शेपूट वापरात उरलं आहे. आंगणेवाडीच्या जत्रेला माणसांची लागते ती. पण शंभर-सव्वाशे वर्षांमागे आजच्या सिंधुदुर्गात ‘देऊळ रिघणे’ असा एक प्रयोग होता आणि त्याचा अर्थ गावात कुणाला समजावून सांगावा लागत नसे. नवऱ्यापासून सुटू पाहणारी बाई, मराठ्याची किंवा दुसऱ्या एखाद्या कष्टकरी जातीतली, घरातून निघायची. वेळ बहुधा रात्रीची. देवळात यायची, देवापुढे जळत असलेल्या दिव्यातलं तेल घ्यायची आणि आपल्या डोक्यावर ओतायची. भट नको, मुहूर्त नको, नवऱ्याची परवानगी नको. तेल केसांतून कपाळावर ओघळलं की ती कुणाची बायको राहत नसे. ती देवाची झाली. गावाच्या भाषेत, भावीण झाली.

या तेलाशी मी जरा थांबतो. कोकणात देवाच्या दिव्याला खोबरेल तरी असे किंवा उंडीच्या बियांचं कडू तेल. जळत्या दिव्यातलं तेल कोमट असतं आणि त्याला काजळीचा वास असतो. लग्नात नवरीला तेल लावतात ते दुसऱ्या बायका, सवाष्णी, गाणी म्हणत. इथे एकटी बाई, बाहेर रातकिड्यांचा आवाज आणि स्वतःच्याच हातानं स्वतःला घातलेलं तेल. लग्न मोडण्याचा विधी लग्नाच्याच विधीतून उचललेला होता. तो कुणी, कधी उचलला याचा पत्ता लागत नाही. कुठल्या तरी एका बाईला हे पहिल्यांदा सुचलं असणार, एवढं मात्र वाटत राहतं.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे ते साहेबाच्या दप्तरामुळे. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड निघाला. पुढे आर. ई. एन्थोव्हेननं मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवर तीन खंड लिहिले, ते १९२० ते १९२२ मध्ये छापले गेले. भावीण आणि तिचे मुलगे, म्हणजे देवळी, यांची हकिगत अशा दप्तरांतून येते: मूळ कोणतं, तर सावंतवाडी आणि मालवणच्या सरदारांच्या वाड्यांतल्या, देवाला वाहिलेल्या दासी, काम कोणतं, लग्नं कशी होतात. देवळात येऊन तेल ओतून घेणाऱ्या बाईच्या चालचलणुकीबद्दल या लिहिणाऱ्यांना मत आहे. तिच्या पाठीवर वळ होते का, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही. त्यांना माहिती पुरवणाऱ्या गावच्या शिष्टांनाही पडला नसावा. कारण तो पडायला आधी नवऱ्याचा हात हा नोंद घेण्याजोगा विषय वाटायला हवा होता.

ती गेली कशाला, हे मग आपणच ताडायचं. त्यासाठी तिच्यापुढे दुसरं काय होतं ते बघावं. माहेर होतं, पण दिलेली मुलगी परत ठेवून घेणारं माहेर क्वचित. काही जातींत काडीमोड आणि पाट होता. कुळीचा अभिमान बाळगणाऱ्या मराठ्यांत तोही नव्हता. मुंबई होती, पण तिकडे गिरणीत पुरुष जायचे आणि मनिऑर्डर गावी यायची. परसात विहीर होती. आणि सरकार? सरकार नवऱ्याच्या बाजूनं होतं, हे १८८७ साली साऱ्या हिंदुस्थानानं मुंबई हायकोर्टात पाहिलं. रखमाबाईनं अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न मानायला नकार दिला, तेव्हा दादाजी भिकाजीनं ‘माझी बायको माझ्या ताब्यात द्या’ म्हणून दावा लावला होता. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलानंतर फेरसुनावणी झाली आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईनं तुरुंग पत्करते असं कळवलं. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटलं आणि ती डॉक्टर व्हायला विलायतेला गेली.

रखमाबाईपाशी डॉक्टरच्या घरातलं बालपण होतं, इंग्रजी होतं, टाइम्समध्ये पत्रं लिहिण्याची धमक होती, मागे सुधारकांचं मंडळ होतं. धामापूर-आचऱ्याकडच्या एखाद्या कुणब्याच्या सुनेपाशी यातलं काहीच नव्हतं. तिच्यापाशी देऊळ होतं. नवरा काठी घेऊन मागे आला तरी तेल पडलेल्या बाईला हात लावायची त्याची छाती होत नसणार. ती आता देवाची. आज ज्याला आपण आधारगृह, सुरक्षा आदेश, फारकत म्हणतो ते सगळं या एका ओंजळभर तेलात होतं. या किनाऱ्यावर छळलेल्या बाईसाठी असलेली पहिली संस्था ही, असं माझं मत आहे. आणि ती किती महाग होती ते पुढे आलं पाहिजे.

भाविणीचं काम म्हणजे देवळाची झाडलोट, सारवण, दिवाबत्ती, देवावर चवरी ढाळणं. गाणं-नाचणं कलावंतिणींचं, त्यांचा मान वेगळा, बिदागी वेगळी. भाविणीच्या वाट्याला राबणं. तिचे मुलगे देवळी, त्यांनाच नाईकही म्हणत; त्यांनी देवळात शिंगं फुंकायची, वाद्यं वाजवायची. गावऱ्हाटीच्या उतरंडीत गावकर, मानकरी, गुरव, राऊळ, घाडी या सगळ्यांच्या खाली तिची जागा आणि तरीही तिच्यावाचून उत्सव अडायचा. पुन्हा लग्न नाही. देव हा नवरा, तो मरत नाही, म्हणून तिला वैधव्य नाही, असं कौतुकानं सांगायची पद्धत होती. खरं म्हणजे देव नवरा असल्यामुळे बाकी कुणावर जबाबदारी येत नव्हती. एखादा मातबर यजमान तिला ठेवायचा. जमीन, घर, धान्य दिलं तर त्याची मर्जी. मूल झालं तर त्याला बापाचं नाव नाही. एका नवऱ्याच्या जाचातून सुटलेली बाई सगळ्या गावाच्या हाती लागे.

पुढची किंमत तिच्या मुलीनं मोजायची. मुलगी वयात आली की तिचा ‘शेंस’ व्हायचा. इंग्रजी कागदांत कुठे तो शेश होतो, कुठे शेज. एन्थोव्हेननं तो बारकाईनं दिला आहे. चांगला दिवस बघून भाविणीच्या घरी गणपतीपूजन, भटाच्या हातून पुण्याहवाचन. तिकडे देवळात गुरव किंवा राऊळ तोच विधी करतो. मग तो देवळाच्या सेवेकऱ्यांसह वाजतगाजत भाविणीच्या दारी येतो, हातात देवाची कट्यार आणि देवाचा मुखवटा. मुखवटा नवऱ्याच्या जागी. बाकी लग्न जसं होतं तसं; होमसुद्धा. शेवटी जातीला जेवण. जेवणाचा खर्च झेपणार नसेल तर आडमार्गही होता: माय-लेकींनी तेल आणि नारळ घेऊन देवळात जायचं, देवापुढे ठेवायचं, आशीर्वाद मागायचा. गरिबाला सवलत! पुन्हा तेच तेल. फरक इतकाच की आईनं ते कदाचित आपल्या पायांनी येऊन घेतलं होतं. मुलीला कुणी विचारलं नव्हतं.

कायदा या घरात शिरला तो मुलीच्या दारानं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ३७२ आणि ३७३ ही जोडकलमं होती. सोळा वर्षांखालच्या मुलीला वेश्याव्यवसायासाठी किंवा अनीतीच्या कामासाठी विकणं, भाड्यानं देणं किंवा अन्य रीतीनं तिची विल्हेवाट लावणं हा ३७२ खाली गुन्हा. त्याच हेतूनं तिला विकत किंवा ताब्यात घेणं हा ३७३ खाली. दोन्हींना दहा वर्षांपर्यंत कैद. संहिता लागू होऊन दशकही झालं नव्हतं तेव्हा, १८६९ मध्ये, मुंबई हायकोर्टाच्या छापील निवाड्यांत एक नाव आलं: जैली भावीण. अल्पवयीन मुलीचा शेंस लावल्याचं हे प्रकरण. ३७२ च्या चर्चेत पुढे पिढ्यान्‌पिढ्या वकील तो निवाडा दाखवत आले. देवाशी लावलेलं लग्न हीसुद्धा मुलीची ‘विल्हेवाट’ ठरू शकते, यासाठी.

निवाड्याच्या मथळ्यात एक नाव आहे आणि ते बाईचं आहे. मला हे नाव वाचताना दर वेळी वाटतं, बाकीचे गेले कुठे? मुखवटा घेऊन आलेला गुरव, पुण्याहवाचन करणारा भट, देवळाचे मानकरी, आणि वाट बघत बसलेला यजमान? जोडकलमांचा हिशेब साधा आहे: जिथे देणारा आहे तिथे घेणारा असलाच पाहिजे. पण शेंसमध्ये कागदोपत्री घेणारा देव. ३७३ कुणाला लावणार, रामेश्वराला? खरा घेणारा वर्ष-सहा महिन्यांनी येणार, तेव्हा ती ‘आधीच भावीण’ असणार. त्यामुळे कायद्याचा हात पडला तो आईवर. कधीकाळी जी स्वतः मार खाऊन देवळात आली असेल किंवा जिच्या आईवर ती वेळ आली असेल, तीच आरोपी. ३७२ वाईट कलम होतं असं नव्हे, पण त्याला दारातली बाई तेवढी दिसायची, ओसरीवरचा पुरुष दिसायचा नाही.

आणि जी सज्ञान बाई रात्री येऊन तेल ओतून घ्यायची, ती तर या कलमाच्या दृष्टीनं नव्हतीच. सोळा वर्षांवरच्या बाईनं स्वतःचं काय करावं हा सरकारचा विषय नव्हता. तिच्या नवऱ्यानं काय केलं हाही नव्हता.

इथे भूगोलाचा एक चमत्कार सांगितला पाहिजे. तेव्हा हा मुलूख एका राज्यात नव्हता. मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला १८१२ च्या तहानं कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेला, वेंगुर्लाही त्याच साली इंग्रजांनी घेतलं. कर्ली खाडीच्या पलीकडे कुडाळ आणि सावंतवाडी हे भोसल्यांचं संस्थान. तेरेखोलच्या पलीकडे पोर्तुगीज. नेरूरपारच्या तरीवर बसलं की इंग्रजी कायदा अलीकडच्या काठावर राहायचा. भाविणी तीनही मुलखांत, देव त्याच नावांचे, सोयरीक एकमेकांत. कायदे मात्र तीन. मालवणात भानगड झाली तर मुलीला खाडीपार नातलगाकडे नेऊन विधी उरकणं किती सोपं, हे सांगायला नको.

चौथं राज्य घाटावर होतं. फोंडा घाट चढून गेलं की करवीर, म्हणजे कोल्हापूर. राजर्षी शाहूंनी १९१९ साली तिथे एक कायदा केला, त्याचा उल्लेख शाळेच्या पुस्तकांत आरक्षण आणि वसतिगृहांच्या मागे दडून जातो. स्त्रीला क्रूरपणे वागवणं हा गुन्हा. मारहाण, छळ करणारा घरातला माणूस सहा महिन्यांपर्यंत आत जाऊ शकतो, वर दोनशे रुपयांपर्यंत दंड. पाठोपाठ १९२० च्या जानेवारीत जोगतिणी-मुरळ्यांविषयीचा कायदा. दोन्ही कायदे एकाच राजाच्या हातून, अवघ्या काही महिन्यांत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. देवाला सोडलेली मुलगी आणि नवऱ्याकडून मार खाणारी बायको हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मुंबईच्या आणि दिल्लीच्या कौन्सिलांना वाटत होतं. शाहूंना एकाच घराची पुढची आणि मागची दारं दिसली. १८१२ चा तो तह झाला नसता तर मालवण शाहूंच्या राज्यात असतं. पण इतिहासात असल्या ‘जर’ला किंमत नसते. घाटाखालच्या बाईला घाटावरचा कायदा उपयोगाचा नव्हता.

ब्रिटिश बाजूला चक्रं सावकाश फिरली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे मुरळ्यांच्या प्रश्नावर विसाव्या शतकाच्या आरंभापासून बोलत होते. १९२४ मध्ये ३७२-३७३ मधली वयाची मर्यादा सोळावरून अठरावर गेली. मद्रासेत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींनी १९२९ च्या दुरुस्तीनं देवदासींच्या इनामजमिनी देवळाच्या सेवेपासून मोकळ्या करवल्या. म्हणजे नाचणं सोडलं तरी जमीन जाणार नाही. मग १९३४ चा मुंबई देवदासी संरक्षण कायदा आला.

हा कायदा वाचताना जाणवतं की लिहिणाऱ्यांनी पासष्ट वर्षांच्या चुकांतून काहीतरी घेतलं होतं. देवाला वाहणं बेकायदा, मग बाईची संमती असो वा नसो. विधी करणारा, करू देणारा, त्यात भाग घेणारा, मदत करणारा, सगळे गुन्हेगार. वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे गुरव आणि भट अखेर कलमात आले. जिला वाहिलं तिला मात्र शिक्षा नाही. जैली भाविणीच्या खटल्यापुढे हे मोठं पाऊल. आणि दुसरी गोष्ट याहून मोठी: देवदासीनं लग्न केलं तर ते कायदेशीर, तिची मुलं औरस. देव नवरा असला तरी माणूस नवरा करता येईल, असं सरकारनं पहिल्यांदा सांगितलं. यजमान या मनुष्याचा उल्लेख मात्र याही कायद्यात आला नाही. खाडीपलीकडे तो कायदा लागू नव्हताच. सावंतवाडी मुंबई प्रांतात आली ती १९४८ साली.

प्रथा कायद्यानं मोडली का? थोडीशी. ज्यांनी ती खरी मोडली ते त्या घरांतले मुलगे. गोव्यात काणकोणातल्या पैंगीणचे राजाराम रंगोजी पैंगीणकर यांनी आपल्याच समाजात शेंसविरुद्ध उभं राहून भांडण मांडलं. त्यांच्या आत्मकथनाचं नावच ‘मी कोण?’ असं आहे आणि बापाचं नाव नसलेल्या माणसाला तो प्रश्न तत्त्वज्ञानाचा नसतो, शाळेच्या दाखल्याचा असतो. गोमंतक मराठा समाज ही संघटना याच मंथनातून उभी राहिली. सिंधुदुर्गाच्या बाजूला गोष्टी अधिक मुकाट्यानं घडल्या. मुलं मुंबईला गेली, छापखान्यांत, गिरण्यांत, नाटक कंपन्यांत, पुढे शाळा-कचेऱ्यांत लागली. मुलींची लग्नं झाली. देवळातली चवरी कुणीतरी दुसरं ढाळू लागलं, किंवा खुंटीवर राहिली. आज त्या घरांतली नातवंडं डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, आणि त्यांना या इतिहासाची उठाठेव आवडत नाही. ते मी समजू शकतो. लाज ज्यांनी वाटून घ्यायची त्यांनी ती कधी घेतली नाही. सगळी यांच्याच दारात टाकली.

साहित्यानं थोडी घेतली. बा. भ. बोरकरांनी ‘भावीण’ ही कादंबरी लिहिली. आरवलीत वाढलेल्या जयवंत दळवींनी ‘महानंदा’ लिहिली, तिच्यावरून शं. ना. नवरे यांनी केलेलं ‘गुंतता हृदय हे’ सगळ्या महाराष्ट्रानं डोळे पुसत पाहिलं. प्रेक्षक रडले ते एका प्रेमकथेसाठी. वाईट काही नाही त्यात. पण पहिली भावीण देवळात का आली, हा प्रश्न रंगमंचाच्या बाहेरच उभा राहिला.

त्याचं उत्तर कायद्यानं वेगळ्याच खात्यातून दिलं. १९४६ साली मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी झाली आणि १९४७ मध्ये मुंबई हिंदू घटस्फोट कायदा आला. देश स्वतंत्र होण्याच्या त्याच वर्षी मालवणच्या बाईला देवाचं तेल न घेता नवऱ्यापासून सुटण्याची वाट, निदान कागदावर, खुली झाली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं ती देशभर नेली. देवदासी कायद्याच्या इतिहासात या कायद्यांचा उल्लेख सहसा नसतो. मला वाटतं, तो असायला हवा. ‘देऊळ रिघणे’ हा वाक्प्रचार मरायला बंदीइतकंच हेही कारण आहे: निघायला दुसरं दार मिळालं.

पण निघणं ही एक गोष्ट आणि घरातला मार थांबणं दुसरी. शाहूंनी १९१९ मध्ये जे घाटावर केलं ते दिल्लीला सुचायला १९८३ उजाडलं. हुंडाबळींविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या बायकांचा तो रेटा होता, आणि त्यात आपल्या भागाशी नातं असलेलं एक नाव होतं. राजापूर मतदारसंघातून, म्हणजे या किनाऱ्यावरून, मधु दंडवते खासदार होते. त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते १९८० मध्ये मुंबईतून निवडून गेल्या आणि त्याच साली त्यांनी हुंडाबंदी कायदा कडक करण्यासाठी खासगी विधेयक मांडलं. त्यातून संसदेची संयुक्त समिती बसली. १९८३ च्या अखेरीस ४९८-अ आलं: नवऱ्याकडून किंवा त्याच्या नातेवाइकांकडून क्रूर वागणूक, तीन वर्षांपर्यंत कैद. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या छपराखाली खाकी न घातलेली समाजकार्यकर्ती बसवायची, ही साधी पण फार शहाणी कल्पना. पुढे ती राज्यभर गेली.

तरीही ‘जाऊ खंय?’ हा मालवणी प्रश्न उरलाच. फिर्याद दिली की नवरा आत आणि बाई रस्त्यावर. त्याला उत्तर दिलं ते २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं. ऑक्टोबर २००६ पासून तो लागू आहे. त्याचं १७ वं कलम म्हणतं, सामायिक घरात राहण्याचा बाईला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. सासऱ्याच्या नावावरचं घरही यात येऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सतीशचंद्र आहुजा प्रकरणात स्पष्ट केलं. देऊळ रिघण्याचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवून हे कलम वाचावं. दीडशे वर्षं बाईनं कुठे शिरावं याचीच चर्चा चालली होती. हा कायदा म्हणाला, तिनं निघायचंच कशाला? गरज पडली तर न्यायाधीश मारणाऱ्याला बाहेर काढेल.

त्याच कायद्यानं आणखी एक पाऊल टाकलं. लग्न झालेलं नसलं तरी ‘लग्नासारख्या’ नात्यातल्या बाईलाही संरक्षण दिलं. यजमानाचा हिशेब अखेर लागणार असं वाटावं, तोच ऑक्टोबर २०१० मध्ये वेलुसामी प्रकरणाचा निकाल आला. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि टी. एस. ठाकूर यांच्या पीठानं लग्नासारखं नातं म्हणजे काय ते सांगताना लिहिलं की मुख्यतः शरीरसुखासाठी किंवा मोलकरीण म्हणून पैसे देऊन सांभाळलेली बाई, इंग्रजीत ‘कीप’, यात बसत नाही. आपल्याकडे सरळ ‘ठेवलेली’ म्हणतात. तेव्हाच्या अतिरिक्त महान्यायअभिकर्त्या इंदिरा जयसिंग यांनी भर कोर्टात त्या शब्दाला हरकत घेतली. म्हणजे ज्या बाईला या कायद्याची सगळ्यात जास्त गरज तीच त्याच्या उंबरठ्याबाहेर. जैली भाविणीच्या निवाड्याला तेव्हा एकशे एकेचाळीस वर्षं झाली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली. निकालपत्रांत वापरू नयेत अशा शब्दांच्या यादीत ‘कीप’ आहे. शब्द गेला. निकाल आहे तिथे आहे.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला आणि ओरोसला माळावर नवी कचेरी-वस्ती वसली. न्यायालय, पोलीस अधीक्षक, महिला व बालविकासाचं दप्तर, सगळं तिथे. मालवणच्या एखाद्या खाडीकाठच्या वाडीतून तिथे पोचायला एसटी बदलावी लागते, दिवस मोडतो, आणि एसटीत गावचं कुणी ना कुणी भेटतंच. देऊळ वाडीच्या टोकाला होतं. अंधारात पायवाटेनं जाता येत होतं. एवढी एक गोष्ट त्या जुन्या, क्रूर संस्थेला कळली होती आणि आपल्या व्यवस्थेला अजून नीट कळायची आहे: मध्यरात्री बाई जेवढी चालू शकते तेवढ्यात दार हवं.

तोवर अंतर तोडणारी एकच गोष्ट हातात आहे, फोन. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे आणि ११२ वर पोलीस येतात. हे बाईनंच करायला हवं असंही नाही. देऊळ रिघणाऱ्या बाईच्या घरातला आवाज तेव्हा शेजारच्या प्रत्येक घरात ऐकू जात असणार. कोकणातली घरं एवढी लांब नसतात. कुणी काही बोललं नाही, कारण बोलायला जागा नव्हती. २००५ च्या कायद्याचं चौथं कलम शेजाऱ्यांसाठीच लिहिलेलं आहे. हिंसा होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूनं कळवलेल्या माहितीसाठी त्याच्यावर कसलाही दावा किंवा खटला होऊ शकत नाही. शेजारून तसा आवाज आला तर हे कलम आठवा आणि फोन उचला.